धुराच्या तोंडाशी सहा सायकली

मी एक जुना लोखंडी रॅक आहे. सहा सायकली पाठीवर घेऊन डोंगर चढणे हे माझे काम. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. तीन वर्षे मी एका जीपच्या सायलेन्सरच्या तोंडाशी काढली आहेत. लोखंडाला नाक नसते, असे तुम्ही म्हणाल. नसेलही, पण किळस यायला नाक लागतेच असे नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

माझा जन्म स्टेशनजवळच्या गल्लीत, वेल्डरकाकांच्या दुकानात झाला. दवाखान्याने मोडीत काढलेल्या लोखंडी खाटांच्या नळ्या आणून काकांनी मला घडवले. ते बोलायचे फार कमी. प्रत्येक जोड झाला की त्यावर हातोडीने तीनदा ठोकायचे आणि कान लावायचे. आवाज बद्द आला की तो जोड तोडून पुन्हा करायचे. सायकलींच्या रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून माझ्या आकड्यांना त्यांनी जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. शेवटी मागे सरून मला एकदा नीट पाहिले आणि म्हणाले, "आता बसच्या आधी हा मोडायचा नाही."

मला करून घेतले होते ताईने. रेल्वे जिथे थांबते त्या खालच्या गावापासून थांबे घेणाऱ्या बसने दीड तास चढले की डोंगरावरचे शेवटचे गाव येते. तिथे ताईचे आठ खोल्यांचे पाहुणेघर आहे. डोंगरातल्या खडकाळ वाटांवरून सायकल चालवायला दूरदूरचे लोक येतात आणि तिच्याकडे उतरतात. बस चालवायचा तो तिचा धाकटा भाऊ. तो वक्तशीर इतका, की गावात त्याला सगळे घड्याळदादा म्हणत. बहीणभावांनी मिळूनच ठरवले, की पाहुण्यांनी रेल्वेने यावे, सायकली बसच्या मागे लावाव्यात आणि निवांत वर यावे. म्हणून मी बसच्या पाठीवर बसलो.

ते दिवस खरेच चांगले होते. पाहुणे सायकली घेऊन फलाटावरून यायचे, एकमेकांना हात देत त्या माझ्यावर चढवायचे. आत दुधाचे कॅन, शाळेच्या बाई, बाजार करून परतणाऱ्या बायका आणि त्यांच्यामध्ये कोंबून बसलेले हे लांब पायांचे पाहुणे. गावात उतरले की सायकलवर टांग टाकून पठाराकडे निघायचे. स्वतःच्या पायांनी चढायचे, धापा टाकायचे, संध्याकाळी चिखलाने माखून आणि भुकेने व्याकूळ होऊन परतायचे. मला त्या माणसांबद्दल आदर होता. जाताना एखादा फडके घेऊन मला पुसायचा, एखादी माझा फोटो काढायची. मी फुशारून जायचो, हे कबूल करतो.

मग रेल्वेचे वेळापत्रक बदलले. नऊ-पन्नासला येणारी गाडी दहा वाजून आठ मिनिटांनी येऊ लागली. बस सुटायची ठीक दहाला.

आठ मिनिटे, मित्रांनो. कुणालाही वाटेल, की बस आठ मिनिटे थांबेल. पण घड्याळदादाने एकोणीस वर्षांत बस कधी मिनिटभर उशिरा सोडली नव्हती, आणि त्या गोष्टीचा त्याला केवढा अभिमान. वळणावर रेल्वे दिसायची, शिट्टी ऐकू यायची आणि हा गिअर टाकायचा. आतले लोक म्हणायचे, थांब जरा. तो म्हणायचा, वेळ म्हणजे वेळ. उशिरा ती येते, मग चुकायचे मी का? वेळ बदलून घ्या असे कार्यालयाला लिहावे, तर ते कार्यालयाचे काम आहे असे त्याचे मत. कार्यालय दूरच्या शहरात. तिथल्या लोकांना वाटायचे, काही अडचण असेल तर ड्रायव्हर कळवेलच. दोघे एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे झाले आणि मी रिकाम्या आकड्यांनी बसमागे खडखडत राहिलो.

एकदा रेल्वे जरा लवकर आली आणि एक मुलगी फलाटावरून सायकल घेऊन धावत आली. बस सुटलेली पाहून ती तशीच पॅडल मारत आमच्या मागे लागली. दोन वळणे हात हलवत होती. मला ती समोरासमोर दिसत होती. घड्याळदादाला वाटले, पोरगी शर्यत लावते आहे. त्याने हसून वेग वाढवला.

फलाटावर असे पाहुणे अडकू लागले तशी ताई वैतागली. भावाला समजावून तिने हात टेकले आणि एक जुनी जीप घेतली. अडकलेल्या पाहुण्यांना दिवसातून एकदा आणायचे, एवढाच तिचा विचार होता. तिने पाना घेतला, बसच्या मागून मला सोडवले आणि जीपच्या मागे बसवले. घड्याळदादा दारात उभा राहून पाहत होता. बसच्या पत्र्याला माझ्या बोल्टांची चार भोके उरली होती. त्यांत त्याने चिंध्या कोंबल्या आणि बहिणीशी बोलणे टाकले.

इथून पुढचे सांगताना मला शिसारी येते, तरी सांगतो.

जीप दारात उभी आहे म्हटल्यावर पाहुण्यांच्या पायांना आळस चढला. एकाने सुचवले, की पठारावरून सायकलने थेट खालच्या गावापर्यंत उतरू, मग जीपने सायकली वर आणा, म्हणजे पुन्हा उतरता येईल. उतरायचे तेवढे यांनी, चढायचे ते पेट्रोलने. एका फेरीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. पाच वेळा रिकामे खाली, पाच वेळा भरून वर. सायलेन्सर नेमका माझ्या खालच्या नळीपाशी. चढावर जीप जो काळा धूर ओकायची तो आधी मला, मग माझ्यावर लटकलेल्या सायकलींना. त्या बिचाऱ्या आकड्याला मान अडकवून, चाके अधांतरी फिरवत धूर गिळायच्या. आणि आत बसलेली मंडळी काच वर करून, एसी लावून, शुद्ध हवेबद्दल बोलायची.

पुढे तर लाजच सोडली. रेल्वेने यायचेच कशाला? अर्ध्या दिवसाच्या अंतरावरून माणशी एक मोटार घेऊन येऊ लागले. चार मित्र, चार मोटारी. एकाच गल्लीतून निघालेले, एकाच डोंगरावर पोचलेले. वाटेत एकमेकांशी फोनवर गप्पा मारलेल्या. पाहुणेघरापासून पठाराच्या वाटेचे तोंड हाकेच्या अंतरावर, तिथपर्यंतही सायकल मोटारीवर लादून जायचे. मोटारी गवतावर उभ्या करायच्या. फोन चार्ज व्हावा म्हणून इंजिन चालू ठेवायचे. मी अंगणात उभा असायचो आणि माझ्या दोन्ही बाजूंना इंजिने घुरघुरत असायची, आत चिटपाखरू नसताना.

त्यांच्या सवयी तर विचारू नका. खाऊन झालेल्या चिकट पाकिटांचे चोळामोळा केलेले गोळे माझ्या नळ्यांत कोंबायचे. थुंकायचे तेही माझ्यावरून पलीकडे, आणि सगळे पलीकडे पडायचे नाही. एका महाशयांच्या सदऱ्यावर हिरवे पान छापलेले होते आणि खाली पृथ्वी वाचवण्याविषयी दोन ओळी. ते जीपमध्ये बसून तिसऱ्यांदा वर निघाले होते. त्यांनी माझ्यावरची काजळी बोटाने पुसून पाहिली, बोट त्या सदऱ्यालाच पुसले, नाक मुरडले आणि ताईला म्हणाले, की तुमचा रॅक फार घाण आहे.

ताई वाईट नव्हती, हे मला सांगायला हवे. ती थकलेली होती. पहाटेपासून स्टेअरिंगवर, मग चादरी, मग स्वयंपाक. पाहुण्यांना हेच हवे आहे, असे तिने स्वतःला पटवले होते. फाटकावर तिने हिरव्या रंगात एक पाटीही लावली होती, 'निसर्गाच्या कुशीत'. त्या पाटीखालूनच जीप रोज पाच वेळा धूर सोडत निघायची. मला तिचा राग यायचा. तरी तिने बोल्ट आवळताना कधी घाई केली नाही, हेही मला आठवते.

इकडे बस रिकामी पडत चालली. एके दिवशी कार्यालयाचे पत्र आले, की या मार्गावर माणसे दिसत नाहीत. हीच स्थिती राहिली तर मोसम संपताच बस बंद करण्यात येईल. पाहुण्यांची जीप सोडली तर गावात दुसरे वाहन नाही. शाळेच्या बाई कशा येणार, दूध कसे जाणार, हे प्रश्न होतेच. पण सगळ्यात मोठा प्रश्न ताईच्या आणि घड्याळदादाच्या आईचा होता. आई मुलाकडे राहायची. तिला दमा. छातीचे डॉक्टर खालच्या गावातल्या दवाखान्यात फक्त शनिवारी सकाळी दहापर्यंत बसायचे. दर शनिवारी साडेसातच्या बसने ती त्यांच्याकडे जायची आणि दहाच्या बसने परत यायची. ताईने जीपमधून नेईन म्हणून सांगून पाहिले, तर शनिवारी जीप पाहुण्यांची. शिवाय आईला जीपचा वास सहन व्हायचा नाही. बस बंद झाली तर आईचे काय, हा प्रश्न दोन्ही घरांत होता आणि दोन्ही घरे एकमेकांशी बोलत नव्हती.

मग तो शनिवार उजाडला. आठ वाजता आमची पहिली फेरी वर निघाली होती. माझ्यावर सहा सायकली, आत सहा पाहुणे. अरुंद वळणावर पोचलो तर दोन्ही कडांना मोटारी लावलेल्या. अर्ध्या वाटेपासून उतरायला सुरुवात करणाऱ्यांनी त्या तिथेच सोडल्या होत्या. मधल्या चिंचोळ्या जागेत वरून येणाऱ्या आणि खालून येणाऱ्या मोटारी एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून उभ्या. मागे घ्यायला कुणी तयार नाही. आमच्या मागेही पाहता पाहता रांग लागली. सगळ्यांची इंजिने चालू, सगळ्यांच्या काचा बंद. दरीतून वारा नव्हता. धूर जागच्या जागी साचत गेला, इतका की पुढच्या मोटारीचे दिवे अंधुक दिसू लागले. माझ्याच जीपचा धूर खालून वर चढून माझ्या अंगावर ओघळत होता. मला स्वतःची किळस आली.

बस त्याच कोंडीत वरच्या बाजूला अडकली होती. घड्याळदादाने तिचे इंजिन बंद केले, पण जुन्या बसच्या काचा कुठल्या लागायला. आईला खोकल्याची उबळ आली. मुलाने थांब म्हटले तरी ती खाली उतरली. कोंडी चालत पार करावी आणि पलीकडून खाली जाणारे कुणी भेटले तर दवाखाना गाठावा, असे तिने ठरवले होते. हे मला नंतर कळले. मला दिसले ते एवढेच, की मोटारींच्या मधून एक म्हातारी पदर नाकाला लावून, एकेका बॉनेटला हात टेकत येते आहे. कुणी काच खाली केली नाही. एकाने तर बॉनेटवर हाताचे ठसे उठतील म्हणून हॉर्न दिला.

ती जीपच्या बाजूने मागे आली आणि तिथे तिचा श्वास पुरा अडकला. आधाराला जे पहिले हाताला लागले ते धरले. ते मी होतो. माझी वरची नळी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मान खाली घातली. खाली सायलेन्सर होता.

मित्रांनो, माझ्या अंगात जोर असता तर मी त्या क्षणी स्वतःला उपटून फेकले असते.

ताईने आरशात पाहिले. सायकलींच्या जाळीतून तिला कुणीतरी रॅकला लोंबकळल्यासारखे दिसले. तिने काच खाली करून, मागे न वळता, हाताने बाजूला व्हायची खूण केली. "सोडा ते. बाजूला व्हा, गाडी निघेल आता." कुणी हलले नाही तशी ती वैतागून उतरली आणि मागे आली. पाहते तर आई. तिने आईला धरून जीपच्या बाजूला, कडेच्या दगडावर बसवले.

आईने बराच वेळ श्वास गोळा केला. मग सायकलींकडे पाहिले, आत बसलेल्या सहा तरुण, धडधाकट पाहुण्यांकडे पाहिले आणि लेकीला विचारले, "अगं, या सायकलींना चाकं नाहीत का?"

तिचा आवाज चिडलेला नव्हता. तिला खरेच कळत नव्हते.

ताईने जाऊन इंजिन बंद केले. मग ती मोटारीमागून मोटारीच्या काचेवर टकटक करत गेली. इंजिन बंद करा, माझी आई तिथे बसली आहे. कुणी केले, कुणी म्हणाले की एसी बंद पडेल. त्या माणसाकडे तिने ज्या नजरेने पाहिले ती मी तोवर कधी पाहिली नव्हती. त्याने किल्ली फिरवली. आमच्या सहा पाहुण्यांना तिने खाली उतरवले आणि सायकली काढून घ्यायला सांगितले. ते गुमान चालत वर गेले. एकेक मोटार मागे घेत वाट मोकळी व्हायला दीड तास लागला. बस खाली पोचली तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. पुढचा आठवडाभर आई ताईच्या खोलीत उशीला टेकून बसून होती, आडवे झाले की श्वास लागायचा.

त्या आठवड्यात घड्याळदादा बहिणीच्या दारात आला. तीन वर्षांनी. आईला पाहून अंगणात आला आणि जीपला टेकून उभा राहिला. ताई चादरी वाळत घालत होती. दोघांमधले बोलणे मी शब्दन् शब्द ऐकले.

"ही जीप आणलीसच का तू?" तो म्हणाला.

"तू आठ मिनिटं थांबत नाहीस म्हणून."

"वेळ म्हणजे वेळ, ताई."

ताईने हातातली चादर दोरीवर टाकली. "कुणाची वेळ? फलाटावरच्या माणसांची नाही. आईची नाही. तू रिकामी बस अगदी वेळेवर पोचवतोस, आणि मी भरलेल्या जीपने तिचा रस्ता अडवते. दोघांनी मिळून केलंय हे."

मग वाकून त्याने माझ्या खालच्या नळीवर बोट फिरवले. बोट काळे झाले. "पाना कुठे आहे?" एवढेच त्याने विचारले.

माझे बोल्ट काजळीने आणि गंजाने धरले होते. बहीणभाऊ दोघांनी पान्यावर जोर लावला तरी हलेनात. शेवटी वेल्डरकाका आले. ते आता पुरते म्हातारे झालेले. त्यांनी बोल्ट कापून मला सोडवले, प्रत्येक जोडावर तीनदा ठोकले, कान लावला आणि मान हलवली. जोड शाबूत होते. काजळी मात्र घासून घासूनही गेली नाही. बसच्या पत्र्यातल्या चिंध्या निघाल्या आणि मी माझ्या जुन्या भोकांत परत बसलो.

ताईने जीप विकून टाकली. फोनवर खोली मागणाऱ्याला ती पहिला प्रश्न करू लागली, की येणार कशाने? मोटारीने म्हटले, तर जागा नाही. रेल्वेने आणि बसने म्हटले, तर कुठल्या गाडीने निघा, कुठे बदला, सायकल कुठल्या डब्यात चढवा, हे ती न कंटाळता समजावून सांगायची. अनेकांनी तिला वेड्यात काढले. त्या मोसमात तिच्या निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि फाटकावरची पाटी तिने स्वतःच काढून अडगळीत टाकली.

मी बसवर परतल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी दहा वाजले तेव्हा बस स्टेशनबाहेर उभी होती. डॉक्टरांकडून आलेली आई पुढच्या बाकावर. घड्याळदादाने घड्याळ पाहिले. हात गिअरकडे गेला, परत आला. त्याने इंजिन बंद केले. आतली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. एक बाई म्हणाल्या, की बस बिघडली वाटते. एकोणीस अधिक तीन, बावीस वर्षांत तो पहिल्यांदा थांबला होता. ती आठ मिनिटे माझ्या आयुष्यातली सर्वांत स्वच्छ होती. मग शिट्टी झाली आणि फलाटावरून तीन सायकली आल्या. फक्त तीन. पण त्या चालत आल्या, धावत नाही.

पुढे कार्यालयाने त्याला पत्र पाठवून जाब विचारला, की बस रोज उशिरा का सुटते. त्याने उत्तरात एकच ओळ लिहिली, 'रेल्वेतून उतरणारी माणसे घ्यायची असतात.' ते वाचून कार्यालयातून एकजण न सांगता आला आणि मागच्या बाकावर बसून वर गेला. त्या दिवशी माझे सहाही आकडे भरलेले होते आणि एक पाहुणा दुधाच्या कॅनवर बसला होता. मोसम संपला, बस बंद झाली नाही. आता वेळापत्रकात छापलेले आहे, दहा वाजून पंधरा मिनिटे. घड्याळदादा पंधरा म्हणजे पंधरालाच सोडतो, त्यात बदल नाही.

सगळे ठीक झाले असे मात्र समजू नका. सुट्टीच्या दिवशी अजूनही त्या वळणावर मोटारींची रांग लागते. एकेकटा माणूस, बंद काच, टपावर सायकल. आमच्या मागून येतो, हॉर्न देतो आणि माझ्या तोंडावर धूर सोडून पुढे जातो. मला तेव्हा तीच जुनी शिसारी येते. आत आई नाकाला पदर लावते.

म्हणून मित्रांनो, माझे एवढे ऐका. डोंगरात सायकल चालवायला जाल तेव्हा रेल्वे शोधा, बस शोधा. चुकत असेल तर तिची वेळ बदलून घ्यायला भांडा. चौघे असाल तर चार मोटारी काढू नका. उतरायचे असेल तर आधी स्वतः चढा. आणि तरीही कधी सायकल मोटारीवर लादलीत, तर किल्ली फिरवण्याआधी त्या म्हातारीचा प्रश्न स्वतःला एकदा विचारा. उत्तर सापडेपर्यंत निदान इंजिन बंद ठेवा.